वृद्धाश्रमातील घड्याळ कोणाचे?

(वृद्धाश्रमांचे व्यवस्थापक, समाजकल्याण खात्यातील कर्मचारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोणत्याही वृद्धाश्रमात पाऊल टाकले की कार्यालयाच्या भिंतीवर सहसा एक फलक दिसतो. पहाटे पाच वाजता उठणे, साडेपाच ते सात स्नान, सात वाजता प्रार्थना व चहा, साडेआठला न्याहरी, बाराला भोजन, सायंकाळी साडेसहाला भोजन, आठ वाजता दिवे मालवणे. अक्षर सुवाच्य असते, शिस्त नजरेत भरते आणि भेटीस आलेले पाहुणे संतुष्ट होऊन अभिप्राय-वहीत चार चांगले शब्द लिहून जातात. फलक लिहिणाऱ्याचा हेतूही चांगलाच असतो. मात्र तेथे राहणाऱ्या चाळीस वृद्धांपैकी किती जण आयुष्यभर पाचला उठत आले आणि किती जण गिरणीच्या रात्रपाळीवरून येऊन सकाळी आठपर्यंत झोपत आले, याची नोंद त्या फलकावर नसते, आणि बहुधा ती अन्यत्रही कोठे नसते.

जो वृद्ध स्वतःच्या हाताने अंघोळ करू शकतो, स्वतः चालत शौचास जाऊ शकतो, त्याच्या दृष्टीने या फलकाचे महत्त्व बेताचेच असते. पाचऐवजी सहाला उठला तर फार तर कोणी बोलेल. परंतु ज्याला कुशीवर वळण्यासाठीही दुसऱ्याचा हात लागतो, त्याचे सारे आयुष्य त्या फलकाच्या स्वाधीन असते. त्याला केव्हा जागे करावयाचे, त्याच्या अंगावरील वस्त्रे केव्हा उतरवावयाची, त्याला मलमूत्रविसर्जनास केव्हा न्यावयाचे, हे सर्व दुसरेच कोणी ठरवीत असते. म्हणूनच परावलंबी निवासींच्या वैयक्तिक शुश्रूषेचे वेळापत्रक हा केवळ कार्यालयीन सोयीचा प्रश्न राहत नाही.

निराश्रित वृद्धांसाठी निवारा उभारण्याची परंपरा महाराष्ट्रात नवी नाही. पुण्यातील डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभी राहिलेली आणि आज ‘निवारा’ या नावाने ओळखली जाणारी संस्था एकोणिसाव्या शतकातील आहे. २०११ च्या जनगणनेत देशातील साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख भरली. महाराष्ट्रात हे प्रमाण लोकसंख्येच्या जवळजवळ दहा टक्के होते. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासंबंधीचा अधिनियम २००७ मध्ये संमत झाला. त्याच्या कलम १९ अन्वये राज्य शासनांनी टप्प्याटप्प्याने वृद्धाश्रम स्थापन करावेत, आरंभी प्रत्येक जिल्ह्यात किमान एक असावा आणि त्यात किमान १५० निर्धन ज्येष्ठ नागरिकांची सोय व्हावी, असे सांगितले आहे. वृद्धाश्रमांच्या व्यवस्थापनाची योजना व दर्जा राज्य शासनाने विहित करावा, असेही तेच कलम म्हणते. सेवांच्या संदर्भात तेथे वैद्यकीय शुश्रूषा आणि करमणुकीची साधने यांचा उल्लेख आहे. औषध आणि करमणूक या दोहोंच्या मध्ये दिवसाचे जे अनेक तास उरतात, त्यांत अंघोळ, शौच, दंतधावन, वस्त्रे बदलणे, केस विंचरणे, जेवण भरविणे हे सर्व येते. ते कोणी, केव्हा आणि कसे करावयाचे, हे ज्या त्या संस्थेच्या समजुतीवर राहते.

यात आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. ‘स्वतःची कामे स्वतः करू शकणाऱ्यासच प्रवेश’ असा नियम अनेक संस्थांनी केलेला असतो. नियम समजण्यासारखा आहे. परंतु अडुसष्टाव्या वर्षी चालत आलेला मनुष्य बारा वर्षांनी ऐंशीचा होतो. एखादे पडणे, खुब्याचे हाड मोडणे, अर्धांगाचा झटका अथवा स्मृतिभ्रंश, यांपैकी काही ना काही त्याच्या वाट्यास येण्याचा संभव असतो. त्या वेळी त्याला परत पाठविण्यास घर नसते. तात्पर्य, निवाऱ्यासाठी स्थापन झालेला आश्रम दहा-बारा वर्षांत आपोआप शुश्रूषागृह होऊन बसतो. भिंतीवरचा फलक मात्र धडधाकट माणसांसाठी लिहिलेलाच राहतो.

परावलंबन म्हणजे नेमके काय, हे मोजण्याची एक साधी रीत अमेरिकेतील वैद्य सिडनी कॅट्झ यांनी १९६३ साली मांडली. स्नान, वस्त्रे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून उठून खुर्चीवर बसणे, मलमूत्रावर ताबा असणे आणि स्वतः जेवणे अशा सहा क्रिया त्यांनी घेतल्या. ही शक्ती बहुधा एका क्रमाने जाते, असे त्यांना आढळले. अंघोळीस मदत सर्वांत आधी लागू लागते आणि घास तोंडात घालण्याची शक्ती सर्वांत शेवटी जाते. म्हणजे वृद्धाश्रमात मदतीची पहिली गरज न्हाणीघरात निर्माण होते. सर्वांत अधिक घाई आणि सर्वांत अधिक संकोच तेथेच असतो, आणि घसरून पडण्याचा धोकाही तेथे असतो. म्हणून येथेही स्नानाचा विचार थोडा विस्ताराने करणे योग्य होईल.

पहाटे पाचला अंघोळ घालण्याची रीत का पडली असावी? कर्मचाऱ्यांच्या निष्ठुरपणाने ती पडली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. रात्रपाळीच्या मावशी सातला जातात आणि जाण्यापूर्वी ‘सर्वांचे आवरून’ द्यावे, अशी अपेक्षा असते. बंबातील अथवा सौर यंत्रातील गरम पाणी सकाळी मिळते आणि पुरवून वापरावे लागते. नळाचे पाणी ठरावीक वेळीच येते. धुण्याचे कपडे लवकर वाळत पडावे लागतात, आणि कोकणात पावसाळ्यात तर ते वाळवणे हे स्वतंत्र संकटच असते. न्याहरीपूर्वी सर्वांची अंघोळ झालेली असणे हे महाराष्ट्रीय घराचेही वळण आहे. ही सर्व कारणे खरी आहेत. तरीसुद्धा ती कारणे निवासींची नव्हेत, व्यवस्थेची आहेत, हा भेद स्पष्टपणे मान्य करावा लागतो.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी वॉशिंग्टन येथील एका मोठ्या मनोरुग्णालयात केलेल्या निरीक्षणांच्या आधारे १९६१ साली ‘असायलम्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या संस्थेत झोपणे, खाणे, काम आणि विरंगुळा एकाच छपराखाली, एकाच अधिकाराखाली, सर्वांना एकाच वेळी आणि वरून आखून दिलेल्या क्रमाने करावे लागते, तेथे राहणाऱ्याचे ‘मीपण’ हळूहळू झिजते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. तुरुंग, छावणी आणि वृद्धाश्रम यांचे हेतू अगदी भिन्न आहेत. वेळापत्रक मात्र पुष्कळदा सारखे असते.

आता शुश्रूषेच्या वेळांचा विचार करताना दोन प्रकार अलग करावयास हवेत. काही वेळा शरीर ठरविते, आणि तेथे व्यवस्थेने अथवा निवासीनेही फारशी सवलत मागू नये. काही वेळा सवय ठरविते, आणि तेथे व्यवस्थेने शक्य तितके मागे सरावे. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी याच्या उलट घडते. अंघोळीची वेळ पाषाणावर कोरल्यासारखी पाळली जाते आणि कूस बदलण्याची वेळ मात्र ‘सवड मिळेल तशी’ असते.

कूस बदलण्याचा प्रश्न आधी पाहू. जो निवासी स्वतः हालचाल करू शकत नाही, त्याच्या माकडहाडावर, खुब्यावर व टाचांवर सतत दाब पडून तेथील रक्तपुरवठा खुंटतो आणि शय्याव्रण म्हणजे बेडसोअर होतात. डोरीन नॉर्टन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९६२ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शरीराची व मनाची स्थिती, हिंडणे-फिरणे, अवयवांची हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा या पाच गोष्टींना गुण देऊन धोका आधीच ओळखण्याची रीत दाखवून दिली. दर दोन तासांनी कूस बदलावी, हा शुश्रूषेतील प्रचलित नियम आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिका व कॅनडामधील २७ शुश्रूषागृहांत दोन, तीन व चार तासांच्या अंतरांची तुलना करण्यात आली. दाट फोमची चांगली गादी असेल तर या अंतरांमध्ये व्रणांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. हा निष्कर्ष उपयुक्त आहे, कारण रात्री दर दोन तासांनी उठविल्याने झोपेचेही खोबरे होते. परंतु दबून गेलेल्या कापसाच्या गादीवर त्याचा आधार घेऊन अंतर वाढविणे धोक्याचे ठरेल. ज्या संस्थेकडे देणगीदार नवीन काही देऊ इच्छितो आणि काय द्यावे असे विचारतो, तिने सभागृहातील पंख्याऐवजी परावलंबी निवासींसाठी चार चांगल्या गाद्या मागाव्यात.

शौचाची वेळही शरीरच ठरविते. न्याहरीनंतर किंवा सकाळच्या चहानंतर आतड्यांची हालचाल वाढते, हा सर्वांच्याच अनुभवाचा भाग आहे. म्हणून त्या वेळी कमोडच्या खुर्चीवर नेऊन बसविले तर अंथरूण ओले अथवा खराब होण्याचे प्रसंग पुष्कळ कमी होतात. दिवसा दर दोन तासांनी जाऊन ‘लघवीला जायचे का?’ एवढे विचारणे आणि ‘होय’ म्हटल्यास नेणे, ही रीत अमेरिकेतील जॉन श्नेल यांच्या व इतरांच्या अभ्यासात पारखली गेली आहे. अनेक निवासी तिने दिवसा कोरडे राहू शकतात. डायपर बांधून दिवस काढणे वरवर स्वस्त वाटते. परंतु त्याचा खर्च, कातडीचा दाह आणि माणसाची लाज यांचा हिशेब केला तर ते स्वस्त ठरत नाही. लघवी वाढविणारी गोळी सायंकाळी दिली की वृद्ध रात्री दोन-तीन वेळा अंधारात उठतो व पडतो. तीच गोळी सकाळी देता येईल काय, हे वैद्यांना विचारण्यास काहीच लागत नाही. कंपवाताच्या रुग्णाला औषधाचा अंमल चढण्यापूर्वी अंघोळीस नेले तर त्याचे अंग लाकडासारखे ताठ असते. तासाभराने नेले तर तोच मनुष्य पुष्कळसे स्वतः करू शकतो. येथे घड्याळ भिंतीवरचे न पाहता औषधाचे पाहावे लागते.

भोजनाच्या वेळांमध्येही असाच एक दोष दडलेला असतो. सायंकाळी साडेसहाला जेवण आणि सकाळी साडेआठला न्याहरी, म्हणजे मध्ये पूर्ण चौदा तास जातात. अमेरिकेतील शुश्रूषागृहांच्या नियमांत रात्रीचे भरपूर जेवण आणि सकाळची न्याहरी यांत चौदा तासांहून अधिक अंतर नसावे, असे बंधन आहे. अपवाद म्हणून झोपण्यापूर्वी पौष्टिक खाणे दिले आणि निवासींच्या गटाची संमती असेल तर ते सोळा तासांपर्यंत वाढविता येते. आपल्याकडे स्वयंपाकीणबाईंना अंधार पडण्यापूर्वी घरी जावयाचे असते म्हणून जेवण साडेसहाला उरकते. त्यांची अडचण खोटी नाही. परंतु मधुमेहाची गोळी अथवा इन्सुलिन घेणाऱ्या वृद्धाला रात्री नऊला एक पेला दूध व पहाटे काही तरी खाणे मिळण्याची तजवीज त्यांच्या जाण्यामुळे अडू नये.

आता सवयीने ठरणाऱ्या वेळा. त्यांमध्ये स्नान प्रमुख आहे. पाश्चात्त्य शुश्रूषागृहांत आठवड्यातून एक-दोनदा स्नान घालण्याची रीत आढळते. जपानमध्ये दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा १ एप्रिल २००० पासून सुरू झाला आणि तेथील गृहांना आठवड्यातून किमान दोनदा स्नान अथवा अंग पुसणे असा दंडक आहे. जपानी माणूस घरी रात्री गरम पाण्याच्या टाकीत बसून शिणवटा घालवीत आलेला असतो. शुश्रूषागृहात मात्र त्याला पुष्कळदा दुपारी नेतात, कारण माणसे दिवसा कामावर असतात. व्यवस्थेच्या सोयीचा नियम कोणत्या एका देशाचा नव्हे, हे यावरून दिसते. आपल्याकडे स्नान हे केवळ स्वच्छतेचे साधन नाही. अंघोळ व देवपूजा झाल्याखेरीज तोंडात पाण्याचा घोटही न घेतलेल्या आजी प्रत्येक आश्रमात असतात. त्यांना नऊला अंघोळ घातली तर त्या नऊपर्यंत उपाशी राहतील आणि सकाळची गोळीही घेणार नाहीत. उलट शेतावरून आल्यावर सायंकाळी अंघोळ करणारा, अथवा कारखान्यातून सुटल्यावर रात्री नळाखाली बसणारा मनुष्य पहाटे पाचला अंगावर पाणी पडताच शिव्या देऊ लागतो, आणि त्याच्या नावापुढे ‘भांडखोर’ असा शेरा पडतो. कोणाचा न्हाण्याचा वार ठरलेला असतो. मुसलमान वृद्धाला शुक्रवारच्या नमाजापूर्वी अंघोळ हवी असते आणि रमजानात उजाडण्यापूर्वी खाणे हवे असते. वसईच्या ख्रिस्ती आजींना रविवारी प्रार्थनेच्या आधी नीटनेटके तयार व्हावयाचे असते. नऊवारी लुगडे नेसणाऱ्या बाईला ‘वेळ लागतो’ म्हणून गाऊन घालून बसविले तर ती स्वच्छ असते, पण चार लोकांत येण्यास तयार नसते. मग ‘त्या कोणात मिसळत नाहीत’ अशी तक्रार होते.

ऋतूकडेही पाहावे लागते. डिसेंबरात विदर्भात अथवा घाटमाथ्यावर पहाटे पाचला कृश झालेल्या शरीरावर पाणी घालण्यापेक्षा अकरा वाजता, उन्हे आल्यावर घातलेले बरे. वैशाखात दुपारी ओल्या फडक्याने अंग पुसून घेतल्यास तीच बाई शांतपणे झोपेल. दिवाळीत अभ्यंगस्नानाच्या दिवशी मात्र पहाटेचीच वेळ हवी. त्या दिवशी पाचला उठविल्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही.

स्मृतिभ्रंश झालेल्या निवासीच्या बाबतीत स्नान हे पुष्कळदा झटापटीचे रूप घेते. कोण आपले कपडे ओढीत आहे, हे त्याला उमगत नाही, आणि तो ओरडतो, चावतो, ओरबाडतो. अमेरिकेतील फिलिप स्लोन, जोअॅन रेडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा शुश्रूषागृहांत केलेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. निवासीच्या आवडीनुसार वेळ, पाण्याची उष्णता व पद्धत बदलणे, अंग झाकलेले ठेवून एकेक भाग धुणे, तसेच अंथरुणातच ऊबदार ओल्या टॉवेलांनी अंग स्वच्छ करणे, असे उपाय त्यांनी योजले. पहिल्या रीतीने मारझोडीचे प्रसंग ५३ टक्क्यांनी व टॉवेलांच्या रीतीने ६० टक्क्यांनी कमी झाले. ‘आमच्याकडे एवढा वेळ कोठून आणावयाचा?’ ही शंका येथे कोणीही घेईल. तिचे उत्तरही त्या अभ्यासात आहे. आवडीनुसार घातलेल्या अंघोळीस सरासरी तीन-साडेतीन मिनिटेच अधिक लागली. ज्या कर्मचाऱ्याने एकदा तरी ओरडणाऱ्या वृद्धाला तिघांनी धरून अंघोळ घातली असेल, त्याला ही तीन मिनिटे महाग वाटणार नाहीत.

वेळेचा हिशेब थोडा आकड्यांनी केलेला बरा. समजा, एका आश्रमातील पंधरा निवासींना अंघोळीस मदत लागते आणि पहाटे पाच ते सात या वेळात तीन मदतनीस उपलब्ध आहेत. न्हाणीत नेणे, अंघोळ, अंग कोरडे करणे, तेल लावणे, कपडे घालणे यांस सावकाश केले तर पंचवीस मिनिटे लागतात. पंधरा जणांची मिळून ३७५ मिनिटे झाली. तिघांची दोन तासांतील एकूण मिनिटे ३६० होतात. म्हणजे कोणी मध्ये शौचास जायचे म्हटले नाही, कोणाचे अंथरूण ओले निघाले नाही आणि एकही मदतनीस क्षणभर बसली नाही, तरीही काम पुरे होत नाही. मग पंचविसाची बारा मिनिटे होतात. गडबडीत साबण डोळ्यांत जातो, जांघेतील व स्तनांखालील कातडी ओलीच राहते व तेथे चट्टे पडतात. आता असे समजू की विचारून पाहिल्यावर सहा जणांना पूजेपूर्वीच अंघोळ हवी आहे, पाच जणांना दहा ते बारा चालते आणि चौघांना सायंकाळी चार-पाचला बरी वाटते. सकाळच्या सहांसाठी १५० मिनिटे, म्हणजे प्रत्येक मदतनिसास पन्नास मिनिटे पुरतात. दिवसाची एकूण मिनिटे तीच ३७५ राहतात, एकही नवी नेमणूक करावी लागत नाही. फक्त सकाळचे दोन तास मोकळा श्वास घेतात. गरम पाणीही एकदम संपत नाही.

अर्थात या हिशेबाने मनुष्यबळाचा प्रश्न सुटतो, असे मानण्याचे कारण नाही. चाळीस जणांमागे रात्री एकच मावशी असेल तर कोणतेही वेळापत्रक तिला पुरे पडणार नाही. अपुऱ्या नेमणुकांवर सुंदर तक्ता हे उत्तर नव्हे, हे संस्थाचालकांनी आणि अनुदान मंजूर करणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे.

निवड करण्याचा अधिकार वृद्धाला दिल्याने नेमके काय होते, यासंबंधी एलेन लँगर व ज्युडिथ रोडिन यांचा १९७६ सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातील एका शुश्रूषागृहात एका मजल्यावरील निवासींना आपल्या खोलीची मांडणी, चित्रपट पाहण्याचा दिवस अशा लहान गोष्टी स्वतः ठरविण्यास सांगितले आणि एकेक रोपटे स्वतः सांभाळण्यास दिले. दुसऱ्या मजल्यावर हेच सर्व कर्मचाऱ्यांनी करून दिले. पहिल्या मजल्यावरील वृद्ध अधिक उत्साही व हिंडते-फिरते झाले. पुढे त्यांच्यात मृत्यूही कमी झाले, असे सांगितले गेले. त्या आकड्यांच्या गणितात चूक असल्याची दुरुस्ती लेखिकांना १९७८ मध्ये द्यावी लागली. म्हणून ‘रोपट्याने आयुष्य वाढते’ अशी जी गोष्ट व्याख्यानांतून सांगतात, ती जपूनच घ्यावी. मन प्रसन्न राहते, एवढेही कमी नाही.

अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने शुश्रूषागृहांतील निवासींचे हक्क नमूद झाले. २०१६ मध्ये सुधारलेल्या नियमांत झोपण्याच्या व उठण्याच्या वेळांसह आपला दिनक्रम निवडण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत आला. तेथे प्रवेशानंतर चौदा दिवसांत निवासीची संपूर्ण पाहणी करतात. तीत टबातील स्नान, फवाऱ्याखालचे स्नान की अंथरुणातच अंग पुसणे यांतून निवडता येणे, झोपण्याची वेळ स्वतः ठरविणे आणि कोणते कपडे घालावयाचे हे ठरविणे तुम्हांला किती महत्त्वाचे वाटते, असे प्रश्न असतात. नियम कागदावर आले म्हणजे सर्वत्र पाळले जातात असे नाही, आणि ते तेथेही घडत नाही. तरी प्रश्नच विचारला गेला नाही तर उत्तर मिळण्याचा संभवच राहत नाही.

आपल्याकडे यासाठी मोठ्या नमुन्याची गरज नाही. प्रवेशाच्या अर्जासोबत एक पान पुरेल. केव्हा उठता, अंघोळ केव्हा व कशी, गरम की कोमट, न्हाण्याचा वार कोणता, पूजा अथवा नमाज केव्हा, चहा अंघोळीपूर्वी की नंतर, उपवास कोणते, दाढी रोज की दिवसाआड, दुपारी झोपता काय, रात्री किती वेळा उठता, कवळी कोण काढून ठेवतो, कोणाच्या हातून अंघोळ घेण्यास संकोच वाटतो. स्त्रियांना स्त्री मदतनीसच असावी, हे विचारण्याचीही आवश्यकता नाही. निवासी स्वतः सांगू शकत नसेल तर मुलीला, सुनेला, शेजाऱ्याला विचारावे. हे पान तिजोरीत बंद न करता मावशींच्या हाताशी राहावे, आणि वाचता येत नसलेल्या मदतनीस असतील तर पाळी बदलताना तोंडी सांगावे. सात वाजता जाणारीने येणारीला ‘सगळे ठीक’ एवढे सांगून निघून जाण्याऐवजी, कोणाची कूस केव्हा बदलली, कोणी रात्री जेवले नाही, कोणाच्या टाचेवर लाली दिसते, एवढे सांगण्यास पाच मिनिटे पुरतात. दर तीन महिन्यांनी आणि प्रत्येक आजारपणानंतर हे पान पुन्हा तपासावे, कारण माणूस बदलतो, त्याची गरज बदलते. एकच मदतनीस शक्यतो त्याच निवासींकडे राहिली तर तिला पान पाहावेही लागत नाही.

एखाद्याने ‘आज अंघोळ नको’ म्हटले तर काय करावे, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी येतो. एक दिवस अंघोळ न केल्याने कोणाचे काही बिघडत नाही. हात, तोंड, काखा व जांघा ओल्या फडक्याने पुसून घेतल्या, ओले कपडे बदलले तर पुरे. परंतु नकार सलग चार-पाच दिवस येऊ लागला तर त्याचे कारण शोधावे. पाणी थंड आहे काय, न्हाणीत धरावयास कठडा नाही काय, मागच्या वेळी पाय घसरला होता काय, अंगात कणकण आहे काय. नकाराची नोंद ‘ऐकत नाहीत’ अशा शेऱ्याने संपवू नये.

रात्रीच्या शुश्रूषेकडे सर्वांत कमी लक्ष जाते. शुश्रूषागृहांतील झोपेच्या अभ्यासांत असे दिसून आले आहे की वृद्ध रात्री जागे होतात त्याला पुष्कळदा आवाज, उजेड आणि कपडे बदलण्यासाठी येणारी माणसेच कारण असतात. दहा, बारा, दोन असे ठोके पाळून मोठा दिवा लावीत सर्व दालनातून फिरण्यापेक्षा, हाती लहान बॅटरी घेऊन आधी कोण जागे आहे ते पाहावे. त्यांना आधी न्यावे, आणि गाढ झोपलेल्यास, त्याच्या कातडीस धोका नसेल तर, झोपू द्यावे.

पाहुण्यांविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. १ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन असतो. त्या दिवशी शाळा, मंडळे आणि पुढारी मोठ्या संख्येने आश्रमात येतात. वाढदिवसाचे अन्नदानही चालू असते. पाहुणे अकराला येणार म्हणून निवासींना सात वाजल्यापासून धुतलेल्या कपड्यांत खुर्च्यांवर बसवून ठेवतात, पाहुणे साडेबाराला येतात, भाषणे होतात आणि तोवर कोणाला शौचास जायचे असेल तर ते बोलण्याची त्यांची हिंमत होत नाही. अन्नदानाचे गोड जेवण दोन वाजता वाढले जाते. मधुमेहींच्या वेळा त्या दिवशी कोणी पाहत नाही. शिक्षकांनी मुलांना जरूर न्यावे, परंतु आधी व्यवस्थापकांना विचारून, सायंकाळी चार ते साडेपाचच्या सुमारास, दहा-बाराच्या तुकड्यांनी न्यावे. मुलांनी एकेका आजोबांपाशी बसून त्यांच्या गावाची हकीकत ऐकावी. नृत्याच्या कार्यक्रमाची तेवढी गरज नसते.

पंचायत सदस्यांच्या व तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांच्या हाती पुष्कळ आहे. तपासणीच्या वेळी खाटा मोजल्या जातात, धान्याचा साठा पाहिला जातो, नोंदवह्यांवर सह्या होतात. त्याच फेरीत परावलंबी निवासींपैकी कोणाही तिघांच्या खाटेपाशी जाऊन, मदतनीस समोर नसताना, आज किती वाजता उठविले आणि आपणहून किती वाजता उठला असता, एवढे विचारावे. टाचा व माकडहाड परिचारिकेकडून पाहून घ्यावे. न्हाणीघरात कठडा आहे काय आणि दुपारी बारा वाजताही बादलीभर गरम पाणी निघते काय, हे नळ सोडून पाहावे. बारा वाजता गरम पाणी निघत असेल तर त्या आश्रमात पहाटे पाचची अंघोळ सर्वांवर सक्तीची ठेवण्याचे कारण काय, हे व्यवस्थापकांना विचारता येईल. निघत नसेल तर सौर यंत्राची क्षमता, पाण्याची वेळ अथवा बंबाची दुरुस्ती यांपैकी काय करावे लागेल, त्याचा प्रस्ताव त्याच आठवड्यात पाठविता येईल.